जावातला शेतकरी ‘आळशी’ कोणाच्या वहीत? भात, सक्तीचा ऊस आणि रबरी वेळ

कणगी (धागाकर्ता)

इंडोनेशियाविषयी काहीही वाचायला घ्या, ‘जाम कारेत’ हा शब्द भेटतोच. जाम म्हणजे तास, कारेत म्हणजे रबर. दहाची बैठक साडेअकराला सुरू झाली की लोक हसून म्हणतात, जाम कारेत. फिलिपिन्समध्ये त्यालाच ‘फिलिपिनो टाइम’ म्हणतात आणि मादागास्करमध्ये ‘मोरा मोरा’, म्हणजे हळूहळू. तिन्हीकडे ऑस्ट्रोनेशियन भाषा, तिन्हीकडे भात आणि तिन्हीकडे परक्यांचं राज्य होऊन गेलेलं. पाहुणे लेखक मग ठरलेलं वाक्य लिहून मोकळे होतात: ऊन फार, माती सुपीक, माणसं सुस्त.

याला उत्तरही जुनंच आहे. फिलिपिनो लेखक होसे रिझाल यांनी १८९० साली ‘ला सोलिदारिदाद’ या वृत्तपत्रात फिलिपिनो माणसाच्या आळसावर लेखमाला लिहिली आणि आळस हा दुरवस्थेचा परिणाम आहे, कारण नव्हे, असं मांडलं. मात्र त्यांचा रोख राज्यकारभारावर होता. मला इथे बांधावर उतरून बोलायचं आहे, आणि त्यासाठी जावा सगळ्यात सोयीचा, कारण तिथे भात आणि सक्तीचा ऊस एकाच खाचरात आळीपाळीने उभे राहिले.

भाताचं वर्ष सलग कामाचं नसतं हे आपल्याकडे कोकणात-मावळात सांगायला नको. जावातल्या जुन्या ‘बुलु’ जाती पाच-सहा महिन्यांच्या. रोप तरव्यात महिना-सव्वा महिना. तोवर ‘लुकु’ने नांगरट आणि ‘गारु’ने चिखलणी, हे पुरुष आणि रेडे करणार. मग ‘तांदुर’, म्हणजे आवणी (रोपांची लावणी), बायकांची. नंतर ‘मातुन’, म्हणजे बेणणी (तण काढणं), साधारण दोनदा. शेवटी ‘देरेप’, म्हणजे कापणी. हाताला हात लागत नाही असे आठवडे सगळ्या हंगामात मोजके, बाकीच्या दिवसांत पाण्यावर नजर ठेवायची. आवणीनंतर दीड महिन्याने आलेल्या माणसाला अख्खं गाव ओट्यावर बसलेलंच दिसणार.

जावाची कालगणनाही तशीच. ‘प्रानता मांग्सा’ नावाचं शेतीचं पंचांग एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मध्य जावातल्या सुराकर्ताच्या दरबारात पक्कं झालं. त्यात १२ मांग्सा, पण सारख्या लांबीच्या नाहीत: पहिला ४१ दिवसांचा, दुसरा २३, तिसरा २४ आणि ऐन पावसातले सहावा-सातवा प्रत्येकी ४३. आपली पावसाची नक्षत्रं १३-१४ दिवसांची सरळ कापलेली असतात. इथे महिना ऋतूच्या मानाने लांब-आखूड होतो. त्यावर पुन्हा बाजाराचा पाच दिवसांचा आठवडा: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन.

माझा मुद्दा असा: आळस म्हणून ज्याची नोंद झाली, त्यातलं बरंचसं म्हणजे गर्दीच्या आठवड्यांत माणसाने कोणाच्या कामाला हात लावायचा यावरून चाललेली ओढाताण. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तर धरावं.

पाटकरी

ओढाताण कशी होती ते सक्तीच्या लागवडीवरून नीट दिसतं. जावावर डचांचं राज्य होतं, तेव्हा डच गव्हर्नर जनरल योहानेस फान डेन बॉश यांनी १८३० मध्ये ती आणली. कागदावरचा नियम असा: गावाने शेतसाऱ्याऐवजी एक पंचमांश जमीन ऊस, नीळ अशा निर्यातीच्या पिकाला द्यायची, ज्याला जमीन नाही त्याने वर्षातले ६६ दिवस सरकारी लागवडीत राबायचं. पीक बुडालं आणि दोष शेतकऱ्याचा नसेल तर तोटा सरकारचा. वाचायला वाईट नाही.

आता उसाचं कोष्टक बघा. ऊस १४-१६ महिने जमीन अडवतो. त्याला डोंगरउतार चालत नाही, पाण्याखालचं सपाट खाचरच लागतं, म्हणजे भाताचं उत्तम रान. सऱ्या हाताने खोदायच्या, बेणं लावायचं, मातीची भर द्यायची. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत चरकात गेला नाही तर साखर उतरते, त्यामुळे तोडणीच्या दिवसांत बैलगाड्या आणि माणसं कारखान्याच्या घड्याळावर चालतात. ऊस निघाल्यावर त्या खोल सऱ्या बुजवून रान पुन्हा एका पातळीत आणायचं. पातळी बिघडलेल्या खाचरात पाणी एका कोपऱ्यात कमरेएवढं आणि दुसऱ्यात कोरडं. हे बुजवण्याचं काम ६६ दिवसांच्या हिशेबात कोणी धरत नव्हतं.

शिवाय अधिकाऱ्यांना, डच आणि जावानीज दोघांनाही, पिकावर टक्केवारी मिळायची. वरून खाली सगळ्यांचं हित जास्त लागवडीत. जमीन एकूणात थोडीच गेली, राबणारी कुटुंबं मात्र निम्म्याहून जास्त. १८४९-५० ला मध्य जावातल्या देमाक आणि ग्रोबोगान भागात दुष्काळ पडला, हजारो माणसं मेली आणि लोक गाव सोडून गेले.

सरवा

यात ‘राबायचं कोणी’ याचं उत्तर गावात कसं ठरलं ते महत्त्वाचं आहे. जावाच्या गावात पूर्ण हक्काचा खातेदार तो ‘सिकेप’, काही भागांत ‘कुली केन्चेंग’. केन्चेंग म्हणजे ताणलेला, घट्ट. ज्याच्या नावावर खाचर त्याच्याच मानेवर वेठ: रस्ता, पूल, पहारा, ऊस, कॉफी. त्याच्या आवारात राहणारे बिनजमिनीचे ते ‘नुम्पांग’. सिकेप आपली वेठ नुम्पांगाकडून करून घ्यायचा आणि बदल्यात त्याला जेवण, ओटा, कधी एखादा तुकडा.

सक्तीची लागवड आल्यावर वेठीला हात कमी पडू लागले. मग कित्येक गावांनी जमिनीचे वाटे बारीक केले. वाटेकरी वाढले की वेठकरी वाढले, प्रत्येकाची पाळी उशिरा येते. काही ठिकाणी दरवर्षी वाटे फिरवायचे. वाटा आज माझा, उद्या तुझा, तर बांध नीट घालायचा कोणी, शेणखत टाकायचं कोणी? डच अधिकारी तक्रार करत की जावानीज शेतकरी जमिनीची निगा राखत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जाणाऱ्या रानात खत न टाकणं हा चोख हिशेब आहे.

उलटतपासणी

सगळं डचांच्या माथी मारायचं ठरलंय का? जमिनीबरोबर वेठ जोडणं ही डचांची कल्पना नव्हती. डचांच्या आधीच्या जावातल्या मातारामच्या राज्यात जमीन आणि माणसं ‘चाचाह’ या एककात मोजत, म्हणजे राबणारं एक घर. १७५५ मध्ये गियांतीचा तह होऊन राज्य दुभंगलं तेव्हा वाटणी चाचाहच्या आकड्यांवर झाली. राजाची संपत्ती एकरांत नव्हे, हातांत मोजली जायची. डचांनी तयार दावणीला आपलं जनावर बांधलं.

दुसरं. सक्तीमुळे माणसं कामचुकार झाली म्हणता, तर पश्चिम सुमात्रातले मिनांगकाबाउ लोक घ्या. त्यांच्यावर १८४७ पासून १९०८ पर्यंत सक्तीची कॉफी होती. तेही ऑस्ट्रोनेशियन, तेही भातवाले. पण त्यांची ख्याती हुशार व्यापारी आणि गाव सोडून नशीब काढणारे अशी. एकाच कारणाचे दोन उलटे परिणाम कसे?

सरवा

@उलटतपासणी, पहिला मुद्दा मान्य. चाचाहचा मी उल्लेख करायला हवा होता. फरक एवढाच की राजाची मागणी पिकाच्या हंगामाशी जुळवून घ्यायची, कारण राजाचं पोटही त्याच भातावर होतं. उसाला भाताचं सोयरसुतक नाही.

मिनांगकाबाउंचं उत्तर जमिनीच्या वारशात आहे. तिथलं खाचर आईच्या कुळाचं. पुरुष बहिणीच्या जमिनीचा राखणदार, बायकोच्या घरी पाहुणा. वेठ त्याच्या मानेवर होती पण जमिनीच्या दोराने बांधलेली नव्हती, म्हणून तो ‘मेरांताउ’ करत बाहेर पडू शकला. गाव सोडून कमवायला जाण्याची ही रीत डचांच्या आधीची आहे. जावात सिकेपाने गाव सोडलं की खाचर गेलं. सक्ती एकच, पण माणसाला पळायला वाट कुठून होती यावर पुढची सवय ठरली.

पाटकरी

पाण्याची एक गोष्ट राहिली. ती फार कमी जणांच्या लक्षात येते.

१८७० च्या साखर कायद्यानंतर सरकारी ऊस हळूहळू संपला आणि खासगी कारखाने गावाकडून जमीन भाड्याने घेऊ लागले. सर्वसाधारण रीत अशी की गावाच्या भिजणाऱ्या जमिनीचा तिसरा हिस्सा उसाला, पुढल्या पाळीत दुसरा तिसरा हिस्सा, मग उरलेला. म्हणजे प्रत्येक खाचर तीन वर्षांत एकदा ऊस बघतं. भाडं गावच्या मुखियामार्फत, त्याला वर दलाली.

आता त्याच पाटावर उन्हाळ्यात ऊसही आहे आणि शेतकऱ्याचं भात-भुसारही. वाटणी ठरली ती दिवस-रात्रीची: दिवसा पाणी कारखान्याच्या उसाला, रात्री गावाला. कारण साधं. दिवसा पगारी माणसं पाणी नीट फिरवतात, रात्रीच्या पाळीला कारखान्याला जास्त देखरेख लागली असती. शेतकऱ्याला मात्र अंधारात दारं मोडून पाणी धरायचं, वरच्या अंगाला कोणी फोडत नाही ना ते बघत बांधावर बसायचं, आणि पहाटे पुन्हा दार बंद. आपल्याकडे रात्रीची थ्री फेज लाईट मिळणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. असा माणूस सकाळी दहाला झोपलेला असणार. दिवसाच्या साहेबाने तेवढंच पाहिलं.

नकाशेवाला

थोडं अवांतर, पण महाराष्ट्राशी धागा जुळतो म्हणून. जावाच्या कारखानदारीने पासुरुआनला ऊस संशोधन केंद्र काढलं. तिथल्या ‘पीओजे २८७८’ या जातीने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जावातलं उत्पादन उंचावलं. पुढे कोइमतूरला याच जातीचा संकर करून ‘को ४१९’ निघाला. दख्खनच्या कालव्यांवरच्या आपल्या पहिल्या पिढीच्या कारखान्यांनी तो वर्षानुवर्षं गाळला. म्हणजे ज्या खाचरांमधून भात हटवून तो ऊस वाढला त्याची निम्मी रक्तरेषा प्रवरा-नीरा काठीही आहे. असो, चालू द्या.

साळ

उसावरून कापणीकडे येऊ. कामाच्या सवयीचा खरा मामला मला तिथे दिसतो.

जावातली जुनी कापणी विळ्याने होत नसे, ‘आनी-आनी’ने होत असे. तळहाताएवढी लाकडी पट्टी, तिच्या एका कडेला पातळ पातं बसवलेलं, आणि आडवी बांबूची काडी मुठीत धरायला. पातं बोटांच्या आत लपतं. कापणारी बाई मधल्या बोटांनी एक लोंबी पात्यावर ओढते, खाली वीतभर काडी ठेवून कापते, मूठ भरली की डाव्या हातात देते. एकेक लोंबी. लोक सांगतात की भाताची देवी, देवी श्री, हिला पातं दिसून ती घाबरू नये म्हणून ते हातात लपवायचं. शेतीच्या बाजूनेही कारण आहे: जुन्या जातीत सगळ्या लोंब्या एकदम पिकत नसत, पिकलेली तेवढी घेता येई, दाणा झडत नसे, म्हणून लोंब्यांच्या पेंड्या बांधून तशाच कणगीत ठेवता येत, आणि चांगली लोंबी बियाण्याला बाजूला काढता येई.

मजुरीचं नाव ‘बावोन’. कापलेल्या पेंड्यांतला वाटा, गावोगाव आणि नात्यानुसार पाचातली एक ते दहातली एक. पेंड्या मालकाच्या ओट्यावर मांडायच्या आणि डोळ्यांनी वाटायच्या. बहिणीच्या वाट्याला जरा जाड पेंडी, परकीला बारीक. शेत कापायला घेतलंय असं कळलं की शेजारच्या गावातूनही बायका यायच्या. हेक्टरभर रानात शे-दोनशे बायका हे दृश्य नवल नव्हतं. हाकलून देणं असभ्य. कापणी संपल्यावर लहान पोरं आणि म्हाताऱ्या ‘ङासाक’ करायला, म्हणजे सरवा वेचायला.

(@सरवा, तुमच्या आयडीला हा शब्द अर्पण.)

कारखान्याच्या नजरेने हे भयंकर आहे. दहा विळे करतील ते काम शंभर हात करताहेत. पण मजूर बाईचा हिशेब ताशी कामाचा नव्हताच. कापणीत उभं राहणं हा वर्षभराच्या नात्यावरचा हक्क होता.

रानवाट

मग हे ‘गर्दी करून थोडं थोडं वाटून घेणं’ म्हणजेच ती प्रसिद्ध मांडणी का, की डचांच्या उसामुळे जावातली शेती आतल्या आत गुंतत गेली, तेवढ्याच रानात जास्त जास्त माणसं सामावत राहिली आणि सगळे सारखेच गरीब झाले?

साळ

तीच मांडणी, १९६३ ची, क्लिफर्ड गीर्ट्झ यांची. ऐकायला सुरेख, पण नंतर गावोगावच्या नोंदी तपासल्यावर दोन ठिकाणी गळते. ‘सगळे सारखे गरीब’ हे खरं नव्हतं. सिकेप आणि नुम्पांग हा भेद वर आलाच आहे. आणि ‘वाटून घेणं’ हे मायेपोटी नव्हे, घासाघीस करून ठरलेलं. पुढे काय झालं त्यावरून ते उघड होतं.

१९६० च्या दशकाअखेर भात वाढवण्याच्या सरकारी ‘बिमास’ योजनेत बुटक्या, लवकर येणाऱ्या जाती आल्या. या भाताचा दाणा झडतो. आनी-आनीने लोंबी लोंबी ओढली तर निम्मा दाणा चिखलात. म्हणून विळा आला, जागेवरच फळीवर आपटून झोडणी आली आणि पेंडीऐवजी तराजू आला. तराजू आला तिथे जाड-बारीक पेंडीची सवलत संपली. पाठोपाठ १९७० च्या दशकारंभी भात सडायच्या गिरण्या; उखळ-मुसळावर धान्यात मजुरी मिळवणाऱ्या बायकांचं काम दोन-चार वर्षांत गेलं.

मालकाला अजूनही शेजारणींना ‘येऊ नका’ म्हणायला तोंड नव्हतं. त्यावर तोडगा ‘तेबासान’. कापणीच्या आठवडा-दहा दिवस आधी उभं पीक ‘पेनेबास’ला, म्हणजे व्यापाऱ्याला, अंदाजाने विकून टाकायचं. तो बाहेरचा, त्याला गावची भीड नाही. आपली विळेवाली टोळी आणतो, मोजून पैसे देतो, बाकीच्यांना बांधावर थांबवतो. मालक हात वर करायला मोकळा: पीक माझं राहिलंच नाही, मी काय करू?

आणि तेबासान जिथे गेलं नाही तिथे ‘केदोकान’, पश्चिमेकडे ‘चेब्लोकान’. यात बाई आवणी आणि बेणणी फुकट करते. बदल्यात त्या वाफ्याची कापणी फक्त तिची आणि वाटा सहातला एक. आकड्यात बघा: हेक्टरी ५ टन भात धरलं तर सहावा हिस्सा ८३३ किलो, सहा जणींत वाटला तर माणशी १३९ किलो. पूर्वी आवणीची वेगळी रोख मजुरी आणि वर कापणीचा खुला वाटा मिळायचा. आता आवणी त्या वाट्यात बुडाली. पीक बुडालं, तपकिरी तुडतुडा आला, तर आवणीची मजुरीही बुडाली. १९७० च्या दशकात तुडतुड्याने जावात वारंवार नासधूस केली, आणि ती जोखीम मजुराच्या पदरात होती.

उलटतपासणी

केदोकान वाईटच असं मी म्हणणार नाही. बेणणी नीट झाली की वाटा वाढतो, म्हणून बाई स्वतःहून नीट बेणते, मालकाला मुकादम ठेवावा लागत नाही. फिलिपिन्समध्ये हाच व्यवहार ‘गामा’ नावाने आहे: बेणणी बिनपैशाची, कापणीत सहावा हिस्सा. दोन बेटसमूहांत तोच तोडगा निघाला, तर त्यात काहीतरी व्यवहार्य असणार.

साळ

व्यवहार्य आहेच, कोणासाठी तेवढंच विचारायचं. केदोकानमधल्या बाईला दुसरीकडे रोख काम मिळालं तर ती जाऊ शकत नाही, नाहीतर कापणीचा हक्क जातो. ठेकेदार आणि कारखानदार मात्र म्हणणार, या बायका सांगून येत नाहीत, मध्येच गावाला जातात. त्या आठवड्यात त्यांच्या वाफ्याची बेणणी असते.

कणगी

‘गोतोंग रोयोंग’चा, म्हणजे सगळ्यांनी मिळून काम उचलण्याचा, उल्लेख कोणीच केला नाही. आपली सावड किंवा इर्जिक म्हणावं का त्याला?

सरवा

सावडीला जवळचा शब्द ‘सांबातान’. घराचं छप्पर चढवायचं, विहीर खणायची, की शेजाऱ्याला हाक. यजमान जेवण घालतो, आणि कोण आलं, कोण नाही हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. परतफेड त्याच मापाची. एक दिवस दिला तर एक दिवस परत.

‘गोतोंग रोयोंग’ हा शब्द मोठा झाला तो राजकारणात. पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले सुकार्नो १ जून १९४५ च्या भाषणात म्हणाले की नव्या देशाची पाच तत्त्वं पिळून एकच करायचं झालं तर ते गोतोंग रोयोंग. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या काळात तो शब्द सरकारी कामांना चिकटला: पाटाची सफाई, रस्त्यावर माती, शाळेची भिंत, मजुरी शून्य, कारण हे ‘आपलं’ काम. रविवार सकाळच्या श्रमदानाला ‘केर्जा बाक्ती’ म्हणतात, न येणारा दंड भरतो किंवा चहा-फराळ पाठवतो. म्हाताऱ्यांच्या कानात मात्र अजून ‘रोदी’, म्हणजे डचांची वेठ, आणि ‘रोमुशा’, म्हणजे १९४२ ते ४५ मधली जपान्यांची, हे शब्द आहेत. पुढची पिढी फावडं घेऊन वेळेवर येते का उशिरा, हे बोलावणं सांबातानचं आहे की सरकारी, यावर अवलंबून. सांबातानला उशीर करून बघा, वर्षभर ऐकावं लागेल. सरकारी बोलावण्याला रबर लावतात.

रानवाट

जाम कारेत इथे आला म्हणायचा. घड्याळ एकच, पण हाक कोणाची ते आधी बघायचं.

नकाशेवाला

जावाबाहेरचं एक टोक दाखवतो, जिथे भाताचा आधारच काढून घेतला. फिलिपिन्सचं नेग्रोस बेट. १८५६ ला निकोलस लोनी ब्रिटिश उपवाणिज्यदूत म्हणून इलोइलोला आले; त्यांच्या पतपुरवठ्यातून आणि यंत्रांतून समोरच्या नेग्रोसवर उसाचे हासिएंदा, म्हणजे जमीनदारांचे मोठे मळे, उभे राहिले. जावात ऊस गावाच्या पोटात शिरला, नेग्रोसला गावच हासिएंदाचं.

हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल-मे. कायम राहणारा मजूर ‘दुमाआन’, तोडणीपुरता येणारा ‘साकादा’, बहुतेक आंतिके प्रांतातून. आणणारा ‘कोन्त्रातिस्ता’ आधी उचल देतो. बीड-नगरच्या वाचकाला मुकादम, कोयता आणि उचल एवढं सांगितलं की पुरे. काम ‘पाक्याव’, म्हणजे उक्तं. मग येतो ‘त्येम्पो मुएर्तो’, मेलेला काळ: ऊस वाढतोय, काम नाही, दुकानाची उधारी चालू. जावातल्या ओट्यावर बसलेल्या माणसामागे कणगी आहे. इथे मागे वही आहे, आणि तीही दुसऱ्याच्या हातात. १९८० च्या दशकाच्या मध्याला साखरेचा भाव कोसळला तेव्हा नेग्रोसमध्ये मुलं उपासमारीने मेली, कारण भाताला जमीनच नव्हती.

१९८८ च्या जमीन सुधारणा कायद्याने काही मजुरांना एक-दीड हेक्टर मिळालं. त्यांतल्या अनेकांनी ते ‘आरिएंदो’वर जुन्या मालकालाच भाड्याने दिलं. बाहेरून टीका झाली की यांना राबायचंच नाही. ऊस करायचा तर बेणं, खत आणि तोडणीचा पैसा दहा-बारा महिने अडकतो. कारखान्यात नंबर लावायला ट्रक लागतो. एक हेक्टरच्या उसासाठी कोणी ट्रक पाठवत नाही. जिथे मजुरांनी रानं एकत्र करून गाडी आणि खताची सोय लावली तिथे त्याच माणसांनी स्वतः ऊस काढला.

पाटकरी

@नकाशेवाला, दीड हेक्टरवाल्याने निम्म्यात मका-भाजी का घेऊ नये?

नकाशेवाला

घेतात. अडचण अशी की हासिएंदाच्या मजुराला तीन-चार पिढ्या एकेक तुकडा काम मिळालं: एकजण फक्त तोडणार, एकजण फक्त खत टाकणार, कधी काय करायचं ते ‘काबो’, म्हणजे मुकादम, सांगणार. पेरणीची तारीख स्वतः ठरवणं, बी राखणं, कीड ओळखणं हे घरात शिकायला मिळालंच नाही. हासिएंदाने ते कौशल्य मागितलंच नव्हतं.

साळ

आणखी एक टोक म्हणजे मादागास्कर, आणि ते आपल्या भात उत्पादकांना ऐकून माहीत आहे, नाव वेगळं असेल. ‘एसआरआय’ किंवा ‘श्री’ पद्धत तिथलीच. आंरी द लोलानिए या फ्रेंच जेझुइट पाद्र्यांच्या आंत्सिराबेजवळच्या शेतीशाळेत १९८३ मध्ये पावसाच्या ओढीमुळे १५ दिवसांचं कोवळं रोप एकेक लावावं लागलं, आणि त्याला भरमसाट फुटवे आले.

पद्धत अशी: ८ ते १२ दिवसांचं दोन पानी रोप, मुळाला माती आणि दाण्याचं टरफल राखून उचलायचं, अर्ध्या तासात लावायचं, खोली १-२ सेंटिमीटर, मूळ आडवं सरकवायचं. खाली दाबलं की टोक वर वळतं आणि रोप आठवडाभर बसून राहतं. २५ बाय २५ सेंटिमीटरवर चौफुली. पाणी साठवायचं नाही, ओलं-कोरडं आलटून पालटून. साठलेलं पाणी नाही म्हणजे तण जोरात, म्हणून लावणीनंतर १०-१२ दिवसांनी फिरतं कोळपं आणि मग दर १० दिवसांनी, तीन-चार वेळा. बियाणं हेक्टरी ५-८ किलो.

उत्पादन वाढतं. तरीही मादागास्करमध्ये अनेक लहान शेतकऱ्यांनी दोन-तीन हंगामांनी सोडून दिली, आणि ‘मोरा मोरा’ पुन्हा कामी आलं.

उलटतपासणी

त्याचं खरं कारण काय? चारसूत्री या भातलागवडीच्या पद्धतीलाही आपल्याकडे असाच अनुभव आहे. गिरिपुष्पाचा पाला आणि १५-२५ सेंटिमीटरची दोरी चार वर्षं चालते, मग पुन्हा हाताला येईल तशी लावणी.

साळ

कारण कॅलेंडरमध्ये आहे. तिथल्या उंच पठारावर ज्या आठवड्यांत कोवळं रोप लावायचं आणि कोळपं धरायचं, त्याच आठवड्यांत घरातला मागचा भात संपलेला असतो. गरीब माणूस ‘आंगादी’ (लांब पात्याचं फावडं) घेऊन मोठ्या शेतकऱ्याकडे रोजाने जातो, संध्याकाळी तांदूळ आणतो. स्वतःच्या रानातलं कोळपं चार महिन्यांनी फळणार, पोरांना आज जेवायचंय. कणगीत शिल्लक असलेल्याने श्री पद्धत टिकवली, बाकीच्यांची पहिली कोळपणी झाली आणि दुसरी राहिली. ओल्या-कोरड्या रानात दुसरी कोळपणी चुकली की तण भाताच्या वर जातं आणि उत्पादन जुन्या पद्धतीपेक्षा खाली येतं. मग कोण पुन्हा करेल?

याच्या मागे जुनी पेरणी आहे. फ्रेंचांच्या आधीच्या मेरिना राजवटीत ‘फानोम्पोआना’ ही राजाची वेठ होती. १८९६ मध्ये मादागास्कर फ्रेंचांची वसाहत झाली आणि तिथले फ्रेंच गव्हर्नर गालिएनी यांनी १६ ते ६० वयाच्या पुरुषांवर वर्षाला ५० दिवस वेठ लावली. डोईपट्टीला तर ते ‘नीती शिकवणारा कर’ म्हणत. रोख कर भरायचा तर माणसाला मळ्यावर जावंच लागेल, हे त्यातलं गणित. पुढे १९२६ पासून सैन्यभरतीतल्या उरलेल्या तरुणांना रेल्वे आणि रस्त्यांवर पाठवलं. सक्तीची मजुरी कायद्याने उठली ती १९४६ ला. ऐन आवणीच्या दिवसांत हात दुसरीकडे देण्याची सवय आधी हुकमाने लागली, मग भुकेने चालू ठेवली.

रानवाट

तिथेही सावड असेल ना? कोळपणीला तीच का वापरत नाहीत?

साळ

आहे, ‘वालिन-तानाना’, हाताला हाताचं उत्तर. आवणीला आणि झेबू जनावरं खाचरात घालून चिखल तुडवून घ्यायला ती चालते, कारण ते काम दहा जणांनी एका दिवसात उरकतं. कोळपणीला दोन अडचणी. सगळ्यांचं तण एकाच आठवड्यात वर येतं, म्हणून पाळीत शेवटचा नंबर असलेल्याचं रान तोवर हातचं जातं. आणि बोलावणाऱ्याने जेवण घालायची रीत आहे. दहा जणांच्या जेवणाला अडीच-तीन किलो तांदूळ लागतो, आणि नेमका त्याच आठवड्यांत तो घरात नसतो.